गदाधर

गदाधराला रक्त बघवत नाही. टोमॅटो चिरताना बोट कापलं तरी तो खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि बायकोला हाक मारतो. घरात गांधीलमाशी शिरली तर तिच्यावर पेला पालथा घालतो, खालून पोस्टकार्ड सरकवतो आणि तिला मानाने बागेत पोचवून येतो. रस्त्यात कुणी आवाज चढवला की हा फुटपाथ बदलतो. आणि या माणसाच्या घरात, जिन्याच्या भिंतीवर तळापासून माथ्यापर्यंत, माणसाचं डोकं फोडण्यासाठी घडवलेली लाकडी हत्यारं टांगलेली आहेत. सगळी दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींची. गयानाची, सुरिनामची, ब्राझीलची, थोडी पेरूच्या बाजूची.

गदाधर हे नाव अर्थात मी ठेवलेलं. ऑक्सफर्डपासून बसने तासाभरावर आम्ही राहतो, तिथला तो आमचा शेजारी. विमा कंपनीसाठी जळितांचे पंचनामे करण्यात त्याची हयात गेली. आता निवृत्त आहे. पुढे त्याच्याबरोबर लिलावांना जाऊ लागलो तेव्हा त्याचे जातभाईही भेटले. एक लॅटिनचा मास्तर, एक दंतवैद्य, बेल्जियमहून स्वतः गाडी हाकत येणारा एक घुम्या. सगळे मऊ आवाजाचे, सगळ्यांच्या स्वेटरला कोपरावर ठिगळ, सगळ्यांची पाठ धरलेली. त्यांचं पुष्कळसं या चित्रात मिसळलं आहे. त्यांची हरकत नसावी, कारण माणसांच्या चित्रात त्यांना मुळीच रस नाही.

गदा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मारुतीची येते, नाहीतर महाराष्ट्र केसरीच्या खांद्यावरची चांदीची. गदाधराच्या घरी जाताना ती कल्पना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावी लागते. गयानाची जी नामांकित गदा, ती जेमतेम फूट-दीड फुटाची. बघायला गेलं तर चौकोनी ठोकळाच; कंबरेशी बारीक, दोन्ही टोकांकडे रुंदावत गेलेला, टोकं सपाट आणि कोपरे असे तासलेले की नुसत्या बघण्याने कपाळ दुखावं. कंबरेभोवती कापसाच्या दोरीची घट्ट वेटोळी, मनगटात अडकवायला फास. टोकांच्या बाजूंवर बारीक कोरीव रेघा, वळणं, कधी हातपाय पसरलेली आकृती, आणि त्या रेघांत पांढरी माती भरलेली. लाकूड भलतं जड. त्या मुलुखातलं लेटरवुड नावाचं लाकूड तर पाण्यात टाकलं की बुडतं; त्याच्यावर काळे डाग असतात, ते म्हणे अक्षरांसारखे दिसतात. गदाधर ते तासन्‌तास न्याहाळतो. वाचता काही येत नाही, पण त्याने त्याचं अडत नाही.

न्याहाळण्याचं सोवळं मोठं कडक. वेळ रात्रीच्या जेवणानंतरची. पडदे ओढायचे. टेबलावर जुना टॉवेल. हातात पांढरे सुती मोजे घालायचे की नाही, यावर या लोकांत दोन पंथ आहेत. मोजेवाले म्हणतात, हाताचा घाम लाकडाला लागू नये. बिनमोजेवाले म्हणतात, मोज्यात पकड निसटते आणि दोन शतकं टिकलेली वस्तू दोन सेकंदांत फरशीवर येते. गदाधर उजव्या हातात मोजा घालतो, डाव्यात नाही. मग टॉर्च आडवा धरून कोरीव रेघांवरून फिरवायचा, सोनाराचं भिंग डोळ्याला लावायचं, आणि सगळ्यात शेवटी वास घ्यायचा. वास हा खरा पारखीपणा. जुन्या लाकडाला स्वतःचा असा एक उदास वास असतो, असं तो सांगतो. नकली मालाला चहाच्या पाण्याचा असतो, नाहीतर बुटाच्या पॉलिशचा. एकदा त्याने मलाही हुंगायला लावलं. मला त्याच्या शेव्हिंग क्रीमचा वास आला, पण मी गंभीरपणे मान हलवली. तेव्हापासून तो मला जाणकार समजतो.

काही गदांत एका बाजूला दगडी पातं बसवलेलं असतं. ते कसं बसवायचे याची एक कथा जुन्या प्रवासवर्णनांत आहे: जिवंत झाडाला खाच पाडायची, दगड तिच्यात खोचायचा आणि झाडाला त्याच्याभोवती वाढू द्यायचं, पातं पक्कं रुतलं की मग लाकूड तोडून गदा घडवायची. गदाधराचा या कथेवर जीव आहे. ती सांगताना त्याचा आवाज आणखी मऊ होतो. मला ही थाप वाटते. युद्ध काही झाडाच्या सवडीने येत नाही. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याच्याकडे बँक्रॉफ्ट आहे. एडवर्ड बँक्रॉफ्ट हा वैद्य. त्याचं गयानाच्या निसर्गेतिहासावरचं पुस्तक १७६९ साली निघालं. पुढे हाच सद्गृहस्थ पॅरिसात बेंजामिन फ्रँकलिनचा विश्वासू म्हणून वावरत होता आणि तिथल्या बातम्या पैसे घेऊन ब्रिटिशांना पुरवत होता. मेल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी ते बिंग फुटलं. म्हणजे इतक्या लोकांना इतकी वर्षं बनवणारा माणूस. त्यावर गदाधर म्हणतो, "हेराची नजर बारीक असते."

दुसरा आधार स्टेडमन. कॅप्टन स्टेडमन १७७३ मध्ये सुरिनामला गेला तो बंड करून जंगलात गेलेल्या गुलामांशी लढायला. १७९६ साली त्याचं पुस्तक आलं, त्यातली काही चित्रं विल्यम ब्लेकने कोरलेली आहेत. त्यांतल्या एका चित्रात बरगडीत आकडा अडकवून जिवंत टांगलेला गुलाम आहे. गदाधराकडच्या प्रतीत ते पान कुठे आहे हे त्याला पाठ आहे. तिथे आला की तो दोन पानं एकदम उलटतो आणि थेट आदिवासींच्या वस्तूंच्या तक्त्यावर जाऊन थांबतो. मी आधी म्हटलंच, त्याला रक्त बघवत नाही.

मात्र गदेने कुणाला तरी मारलेलं असावं, ही त्याची मनापासून इच्छा असते. विक्रीसाठी, हौशी साहेबांना भेट देण्यासाठी बनवलेली गदा म्हणजे त्याच्या लेखी बाजारबसवी. "हिने काम केलंय," असं तो एखादीच्या झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणतो, आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते नातवाने पहिला नंबर काढल्यावर आजोबांच्या चेहऱ्यावर असतं. काम केलेलं असावं, पण कुणावर, ते कळू नये. मेलेला माणूस अनोळखी हवा, दूरचा हवा, आणि १८५० च्या आधीचा असल्यास उत्तम.

खरी पूजा मात्र गदेची नसतेच. ती असते गदेवर चिकटवलेल्या कागदाच्या कपट्याची. एखाद्या दांडक्यावर पिवळा पडलेला कपटा असेल, त्यावर फिकट शाईत 'डेमेरारा' एवढंच, म्हणजे गयानातल्या एका जुन्या वसाहतीचं नाव, लिहिलेलं असेल, तर गदाधराचे हातपाय गळतात. पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर काळ्या शाईचा क्रमांक असेल, म्हणजे ती कधीकाळी एखाद्या संग्रहालयात होती, तर त्या रात्री झोप नाही. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड आहे, टाइप केलेलं. त्यावर कुळी लिहिलेली असते: अमुक बोटीच्या कप्तानाने आणली, त्याच्या मुलीबरोबर ती एका पाद्र्याच्या घरी गेली, पाद्र्याच्या माघारी सामान विकलं तेव्हा गावच्या औषधवाल्याने घेतली, त्याच्या नातवाकडून लंडनच्या व्यापाऱ्याने, त्याच्याकडून मी. कप्तान, पाद्री, औषधवाला, व्यापारी, सगळ्यांची नावं, गावं, साल. ज्याने ती तासून घडवली त्याचं नाव एकाही कार्डावर नाही. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "कसं असणार? त्या काळी नोंदी कुठे ठेवत होते?" ठेवत होते. त्याच्याच कार्डांच्या कपाटात पाद्रीबुवांच्या तळघरातल्या वाइनच्या बाटल्यांची यादीही होती, सालवार लावलेली. ती त्याने गदेच्या कार्डाला टाचणी मारून जपली आहे, कारण तिने कुळी सिद्ध होते.

या छंदातही जातपात आहे आणि गदाधराचं स्थान त्यात मधलं. वर बसले आहेत ते फिजी, टोंगा आणि मार्केसास बेटांच्या गदा जमवणारे. त्यांच्या वस्तूंना भाव जास्त, कॅटलॉग जाड, आणि त्यांच्या मेजवान्यांना गदाधराला आमंत्रण नाही. दक्षिण अमेरिकेचं दांडकं शोधायला गदाधराला मिळतं ते मात्र याच वरच्यांच्या कृपेने. जुन्या काळात ज्या गोऱ्या माणसाला लाकडी हत्यार कुठलं ते कळलं नाही त्याने 'दक्षिण समुद्र' असं लिहून मोकळं व्हायचं, ही रीत होती. त्यामुळे गयानाच्या कितीतरी गदा चुकून पॅसिफिकात नोंदल्या गेल्या. खेडेगावच्या लिलावात 'आफ्रिकी कोरीव काठी' म्हणून जे येतं त्यातही कधी ब्राझील निघतं.

अशा वेळी गदाधराला बघावं. दुरून त्याला ती दिसलेली असते. पण तो तिच्याकडे पाठ करतो. चिनी मातीच्या कुत्र्यांची जोडी उचलून तिच्या पोटाखालचा शिक्का वाचतो. गोल्फच्या मोडक्या काठ्यांचा भारा उचकटतो, किंमत विचारतो, नाक मुरडतो. दंतवैद्य हॉलच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून हेच करत असतो. त्यालाही ती दिसलेली असते. दोघे एकमेकांना हवापाण्याचं विचारतात. नग पुकारला की गदाधर चष्मा काढून पुसतो, तीच त्याची बोली. जिंकला तरी चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. संशय नको म्हणून तो चिनी कुत्रीही घेतो. गदाधराच्या घरी चिनी मातीच्या कुत्र्यांची जी पलटण आहे, तिचं कारण हे. बायकोला वाटतं, त्याला कुत्री आवडतात. निदान ती तसं दाखवते. बाई हुशार आहे. ती या सगळ्या ठेव्याला 'तुझ्या काठ्या' म्हणते, आणि तो बाहेरगावी गेला की त्यातली एक जाडजूड स्वयंपाकघराच्या दाराला अडसर म्हणून लागते. हे मला ठाऊक आहे. वाचकांनी बोलू नये.

पण ज्या गदेवर त्याचं खरं प्रेम आहे ती त्याला कधीही मिळणार नाही. ती आहे ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपिनांबांची इबिरापेमा. लांबलचक दांडा आणि टोकाला चपटं गोल पातं. लढाईत धरलेल्या कैद्याला समारंभाने मारायचं ते हिनेच, आणि मग जेवण. पॅरिसच्या के ब्रॉन्ली संग्रहालयात तुपिनांबांची मानली जाणारी एक जुनी गदा आहे. गदाधर तिचा फोटो पाकिटात बाळगतो. बायकोचा बाळगत नाही, पण बायको घरीच असते.

इबिरापेमाची गोष्ट तो जेवणाच्या टेबलावर सांगतो, शक्यतो मटणाचा रस्सा वाढल्यावर. सांगतो हान्स स्टाडेनच्या आधारे. स्टाडेन हा जर्मन तोफखान्यातला माणूस, पोर्तुगीजांच्या चाकरीत होता, तुपिनांबांच्या हाती सापडला. नऊएक महिने त्यांच्यात राहिला आणि जिवंत सुटला. त्याचं पुस्तक १५५७ साली मारबुर्गला छापलं गेलं. त्यात गदेची सगळी तयारी आहे. तिला चिकट रस फासायचा, पक्ष्याच्या अंड्यांच्या टरफलांची पूड करून तिच्यावर भुरभुरायची, मग एका बाईने बसून त्या पुडीवर रेघा कोरायच्या, पिसांचे गोंडे बांधायचे, आणि आदल्या रात्री ती एका झोपडीत टांगून ठेवून बायकांनी तिच्याभोवती गाणी म्हणायची. दुसऱ्या दिवशी ज्याचं डोकं फुटायचं त्याचीही सरबराई चाललेली असायची. स्टाडेनला भर कैदेत दाढदुखी झाली. खाणं जाईना, माणूस वाळायला लागला. मालक काळजीत पडला, दाढ उपटायचं हत्यार घेऊन आला. स्टाडेन म्हणाला, राहिली आता दुखायची. मालकाने बजावलं, नीट जेवून अंग धर, नाहीतर वेळेआधीच मारू. इथे गदाधर रश्श्यात पाव बुडवतो आणि म्हणतो, "घ्या ना आणखी, संकोच करू नका." आम्ही शाकाहारी नसतो तर त्या रात्री झालो असतो.

आमची आई तीन महिने राहायला आली होती, तेव्हा गदाधराने आम्हाला सहकुटुंब चहाला बोलावलं. आईचं सगळं आयुष्य कोकणात गेलं. भिंतीवरच्या हत्यारांकडे तिने आधी लक्षच दिलं नाही. घरात इतकी लाकडं बाळगायची तर वाळवीची भीती नाही का, एवढंच मला विचारलं. मी भाषांतर केलं. गदाधराचा चेहरा पडला, कारण वाळवी हा त्याच्या घरात उच्चारायचा शब्द नाही. मग त्याने भिंतीवरून एक चपटी गदा उतरवली. गयानाचीच, पण निराळ्या जातीची: रुंद सपाट पातं, आखूड मूठ. दोन्ही हातांवर आडवी धरून त्याने ती आईपुढे केली. आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "अरे, हे तर चोपणं!"

मी सांगितलं, कोकणात अंगणाला खळं म्हणतात, पावसाळा सरला की ते नव्याने करतात, माती ओली करून असल्या चपट्या लाकडाने चोपून सपाट करतात. गदाधराने लगेच वही काढली. नक्की कसं धरतात, एका हाताने की दोन, हे विचारा म्हणाला. हे विचारायला नको होतं. आईने ती गदा त्याच्या हातातून घेतली, पदर खोचला, गालिच्यावर उकिडवी बसली आणि थाड, थाड, थाड, दिवाणखान्याचा अर्धा कोपरा चोपून काढला. चिनी कुत्री फडताळात थरथरली. धूळ उडाली. गदाधराच्या घशातून एक आवाज आला, तो इंग्रजी नव्हता. निदान दीडशे वर्षं ज्या वस्तूला टॉवेलाशिवाय टेबलाचाही स्पर्श झाला नव्हता, ती कामाला लागली होती. "वजन बरोब्बर आहे हो," आई मला म्हणाली, "पण मूठ आखूड. ज्याने केलं त्याचा हात लहान होता, नाहीतर बाईमाणसासाठी केलं असेल." आणि त्याला परत देताना मराठीतच बजावलं, "असं टांगून ठेवलं तर तडकेल, बाबा. मधूनमधून वापरत जा."

हे मी भाषांतरलं नाही. गदाधर त्या रात्री भिंग घेऊन पहाटेपर्यंत बसला होता, असं त्याच्या बायकोने सांगितलं. चरा एकही नव्हता. कार्डावर मात्र एक ओळ वाढली: पश्चिम भारतात समांतर वस्तू, मौखिक माहिती. माहिती कुणाची, ते लिहिलेलं नाही.

त्याचं दुःख मोजायचं तर कायापो या ब्राझीलच्या जमातीच्या गदेपाशी थांबायला हवं. ब्राझीलमध्ये आदिवासींच्या गदेला बोर्दुना म्हणतात. कायापोंची बोर्दुना लांब, गोल, काळसर, आणि तिच्यावर वेताच्या सालीची अशी घट्ट नक्षीदार वीण असते की बोट फिरवलं तर सांधा सापडत नाही. गदाधराकडे एक आहे, तिला लाल मकाव पोपटाच्या पिसांचा झुपका आहे, आणि हा झुपका त्याच्या जिवाला घोर आहे. वन्यजीवांच्या कायद्यात हा पोपट सगळ्यात कडक यादीत. त्याच्या पिसांची वस्तू युरोपात खास परवान्याशिवाय विकायची तर ती ३ मार्च १९४७ पूर्वी आजच्या रूपात तयार झालेली असावी लागते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तरी ही तारीख तशीच आहे. म्हणजे पोपटाने आपल्या स्वातंत्र्याच्या साडेपाच महिने आधी देह ठेवलेला असला पाहिजे. तो नंतर मेला असेल तर गुन्हा, आधी मेला असेल तर पुरावस्तू. गदाधराला ती विकायची नाहीच, पण विकता येत नाही या विचाराने त्याचं अन्न गोड लागत नाही. पोपट कधी मेला असावा, याविषयी त्याने मला एकदा अर्धा तास ऐकवलं.

याच्या उलट गंमत अशी की कायापो अजून आहेत, आणि बोर्दुनाही आहे. ब्राझीलची १९८८ ची राज्यघटना लिहिली जात होती तेव्हा कायापो अंगाला रंग लावून राजधानीत ठाण मांडून बसले होते. त्या घटनेच्या २३१ व्या कलमात आदिवासींचा त्यांच्या जमिनीवरचा हक्क आला. त्यांचा म्हातारा नेता राओनी, खालच्या ओठात लाकडी चकती घालणारा, बोर्दुना हातात घेऊन उभा असलेले त्याचे कितीतरी फोटो आहेत. २००४ पासून देशभरचे आदिवासी बहुतेक दर एप्रिलला ब्राझिलिया शहरात मोठा तळ ठोकतात, जमिनीसाठी. एका वर्षी टीव्हीवर त्याची बातमी लागली असताना मी गदाधराकडे होतो. पडद्यावर एक तरुण गर्दीत बोर्दुना उंच धरून काही ओरडत होता. गदाधर पुढे झुकला. मला वाटलं, आता तो काय म्हणतो हे ऐकेल. त्याने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "वीण नवी आहे."

त्याला काळीज नाही असं नव्हे. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा तो खरोखर रडला. जन्मभर जळितं मोजलेला माणूस, पण टीव्हीवरच्या त्या ज्वाळा बघवेनात म्हणून उठून काळोखात बागेत जाऊन उभा राहिला. मी बरोबर होतो. किती भाषांच्या ध्वनिफिती गेल्या असतील, किती वस्तू, ज्यांची जोड जगात नाही, असं तो पुटपुटत होता. त्याच्याविषयी मला तेव्हा माया वाटली. सकाळी कुंपणावरून हाक मारून त्याने सांगितलं की आता उरलेल्या नगांची दुर्मिळता वाढली.

अलीकडे त्याला एक नवं भय लागलं आहे. वस्तू परत जाऊ लागल्या आहेत. त्याची सुरुवात तशी जुनी: क्राहो लोकांची अर्धचंद्राच्या पात्याची दगडी कुऱ्हाड साओ पाउलोच्या संग्रहालयात होती, ती त्यांनी मागितली, धरून बसले आणि १९८६ मध्ये घेऊन गेले, तिच्याशी त्यांची गाणी जोडलेली आहेत. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० साली आपली ती प्रसिद्ध आक्रसलेली मुंडकी कपाटातून काढली. २०२४ मध्ये तर डेन्मार्कने तुपिनांबांचा लाल पिसांचा झगा ब्राझीलला पाठवला, तीन शतकांहून अधिक काळ सांभाळलेला. "कुणी मागायला आलं तर मीही देईन," असं गदाधर त्या दिवशी म्हणाला, दोनदा म्हणाला. पण त्यानंतरच्या आठवड्यात टाइपरायटर वाजायला लागला. पूर्वी त्याचं कार्ड कसं असायचं? मकुशी, रुपुनुनी नदीचं खोरं, अमुक ओढ्याजवळ. जमातीविषयी शंका घेतली तर त्याला राग यायचा. आता नव्या कार्डांवर जमात नाही, नदी नाही. 'बहुधा गयाना प्रदेश.' काहींवर तर 'उष्ण कटिबंध'. तीस वर्षं खपून मिळवलेलं ज्ञान तो एका बोटाने टाइप करून पुसत होता, म्हणजे उद्या दारात कुणी उभं राहिलं तर वस्तू त्या आलेल्या माणसाची आहे असं कागदावर दिसू नये.

आणि दारात कुणीतरी उभं राहिलंच. गयानाहून इंग्लंडात शिकायला आलेली एक मकुशी मुलगी. तिने रीतसर पत्र पाठवून संग्रह बघायची परवानगी मागितली होती. सभ्य माणूस, नाही म्हणता येईना. आदल्या रात्री त्याने मला मदतीला बोलावलं आणि आम्ही दोघांनी सगळ्यात चांगल्या गदा एकेक करून भिंतीवरून काढल्या, टॉवेलांत गुंडाळल्या आणि पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगाखाली निजवल्या. जागा पुरेना म्हणून दोन पियानोत गेल्या.

मुलगी आली, चहा घेतला, जिन्यावर बसली. तिने काहीही परत मागितलं नाही. कोरीव कामाकडेही फारसं पाहिलं नाही. ती बघत होती कंबरेवरची कापसाची दोरी. कापूस कातायचं काम आमच्याकडे बायकांचं, असं ती म्हणाली, आजी अजून कातते. हा पीळ, ही गाठ आजीला दाखवायची आहे. आणि तिने दोरीचेच फोटो काढले, जवळून, कितीतरी. गदाधर तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. इतकी वर्षं त्याने लाकूड पाहिलं, कागद पाहिले, वास घेतला, आणि गदेचं अर्धं काम बाईच्या हातचं आहे हे त्याच्या एकाही कार्डावर नव्हतं. तो ओशाळला, मला स्पष्ट दिसलं. मग त्याने खिशातून पेन काढलं आणि तिला विचारलं, "आपल्या नावाचं स्पेलिंग सांगाल का?"

मला क्षणभर बरं वाटलं. पण तो नाव लिहीत होता कुळीच्या शेवटी: कप्तान, पाद्री, औषधवाला, व्यापारी, मी, आणि खाली 'मकुशी अभ्यासकाने प्रत्यक्ष पाहून वाखाणली', तारीख. मुलगी निरोप घेऊन चपला घालायला वाकली तेव्हा त्याने माझ्या कानात सांगितलं की या एका ओळीने लिलावात भाव निदान दीडपट व्हावा.

"भिंतीवर खुंट्या बऱ्याच रिकाम्या दिसतात," ती उठताना म्हणाली. खरंच होतं, गदा काढल्यावर तिथल्या कागदावर त्यांच्या आकाराचे गडद ठसे उरले होते, अगदी ओळखू येतील असे.

"दुरुस्तीला दिल्यात," गदाधर म्हणाला.

तिने मान डोलावली, पिशवीतून वही काढली आणि उभ्याउभ्याच खुंट्या मोजायला लागली.